उजेड किती घ्यायचा, हे कोण ठरवतं?



आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. मोबाइलचा कॅमेरा उघडा. खाली फोटो, व्हिडिओ, पोर्ट्रेट अशी नावं सरकतात, त्यांत कुठेतरी 'प्रो' असं लिहिलेलं असतं. काही फोनमध्ये ते नसतं, वेगळं ॲप घ्यावं लागतं. त्यावर बोट ठेवलं की आयएसओ, शटर, ईव्ही, डब्ल्यूबी अशी अक्षरं समोर येतात आणि आपल्यापैकी बरेच जण 'हे आपलं काम नाही' म्हणून मागे फिरतात. मीही पुष्कळ वर्षं मागे फिरणाऱ्यांतलाच होतो. निवृत्तीनंतर छायाचित्रणाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की यातलं एकेक अक्षर कुणाच्या तरी अडचणीतून जन्माला आलं आहे. ती अडचण समजली की अक्षर समजतं. म्हणून आज बटणं शिकवण्याआधी मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे.

पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

१९८८ चा हिवाळा. मी तेव्हा कॅप्टन होतो. उत्तर सिक्कीममध्ये चौदा हजार फुटांच्या वर एका पोस्टवर आमची तुकडी होती. रजेहून येताना मी एक जपानी कॅमेरा आणला होता. उजेड मोजून सगळं स्वतःच ठरवणारा, आपण फक्त बटण दाबायचं. एके दिवशी ढग हटले, कडक ऊन पडलं, बर्फ डोळ्यांना टोचायला लागला. सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, पोरांचा एक ग्रुप फोटो होऊन जाऊ द्या. घरी पाठवतील." अकरा जण उभे राहिले. मी बटण दाबलं. रोल डाकेच्या गाडीनं खाली गेला आणि महिन्याभरानं प्रिंट वर आल्या. फोटो काही खास नव्हता, पण दुसरा नव्हताच. प्रत्येकानं आपली प्रत घरी पाठवली.

साताऱ्याकडच्या एका शिपायाला काही आठवड्यांनी आईचं पत्र आलं. तिला लिहिता येत नव्हतं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. घरची खुशाली, म्हैस व्याली, उसाला तोड मिळाली आणि शेवटी एक ओळ: फोटो पोचला, पण यातला तू कोणता ते कळव.

तो पत्र घेऊन हसत हसत माझ्याकडे आला. सगळे हसले, मीही हसलो. रात्री बंकरमध्ये कंदिलाजवळ फोटो पुन्हा पाहिला, तेव्हा हसू आलं नाही. बर्फ चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता आणि टोप्यांच्या सावलीत अकरा चेहऱ्यांच्या जागी अकरा काळे ठिपके होते. त्या बाईनं वर्षभर मुलाला पाहिलं नव्हतं. मी तिला एक ठिपका पाठवला होता.

पुढे सिलिगुडीला उतरलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याला ती निगेटिव्ह दाखवली. ती उजेडाकडे धरून तो हिंदीत म्हणाला, "साहेब, कॅमेऱ्याला बर्फ कळत नाही." त्याच्या या वाक्याचा पूर्ण अर्थ मला कळायला बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

पहिली अडचण: वेळ

फ्रान्समध्ये नीसेफोर न्येप्स नावाचा एक हौशी संशोधक होता. १८२६-२७ च्या सुमारास त्यानं आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य एका धातूच्या पत्र्यावर उतरवलं. आज शिल्लक असलेलं, कॅमेऱ्यानं टिपलेलं ते सर्वांत जुनं छायाचित्र. पत्र्यावर त्यानं एका जातीच्या डांबराचा थर दिला होता. त्यावर उजेडाचा परिणाम होण्यासाठी कमीत कमी आठ तास लागले, असं पूर्वीपासून सांगतात. पुढच्या अभ्यासकांच्या मते कित्येक दिवसही लागले असतील. सूर्य सकाळी एका बाजूला होता, संध्याकाळी दुसऱ्या. त्यामुळे त्या चित्रात इमारतींच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. असं दृश्य कुणीही डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही.

न्येप्सचा भागीदार लुई दागेर. त्याची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसं होती. चित्रात मात्र रस्ता ओस पडलेला. कारण पत्रा काही मिनिटं उघडा होता आणि जे चालत होतं ते उमटायच्या आत निघून गेलं. फक्त एक माणूस उमटला. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता.

हे झालं शटर. उजेड किती वेळ आत घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या फोनमध्ये १/१००० असं दिसतं ते एका सेकंदाचा हजारावा भाग. नातू अंगणात पळतोय आणि फोटोत तो धुरकट येतो, तेव्हा तुमच्या फोनमध्ये दागेरच्या रस्त्यावरचीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडत असते.

आपल्याकडे कॅमेरा आला, तो फौजेबरोबरही आला

दागेरची पद्धत जाहीर झाल्यावर वर्षा-दोन वर्षांतच कॅमेरा कलकत्त्याला पोचला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला. भारतीय माणसानं चालवलेल्या अगदी पहिल्या स्टुडिओंपैकी तो एक.

माझ्यासारख्या माणसाला यातली एक गोष्ट विशेष वाटते. ईस्ट इंडिया कंपनीनं १८५५ पासून इंग्लंडमधल्या आपल्या ॲडिसकोम्बच्या लष्करी विद्यालयात कॅडेटना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबई तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. मद्रास फौजेतला लिनियस ट्राइप त्याच वर्षी सरकारी मोहिमेबरोबर ब्रह्मदेशात गेला. राज्य करायचं तर नकाशा हवा, नोंद हवी. कॅमेरा त्यासाठी आला. पण त्यामुळे त्या वास्तू तेव्हा कशा दिसत होत्या हे आज आपल्याला पाहता येतं, हेही खरं.

१८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत आली होती. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. आपल्या उन्हात त्याहूनही कमी वेळ मिळत असणार. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि हे सगळं सामान, काचा, रसायनं, तंबू हमालांच्या पाठीवर लादून हिमालयात तीनदा गेला. १८६६ मध्ये त्यानं मनिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास, फोटो काढले. त्या उंचीवर बुटाची नाडी बांधायला किती वेळ लागतो हे ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना बोर्नची किंमत कळेल.

बोर्नकडे उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. ट्राइपकडे नव्हतं. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागून पुढे निजामाच्या दरबारापर्यंत पोचलेले लाला दीनदयाळ यांच्याकडेही सुरुवातीला नव्हतं. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं. उजेड किती, हे डोळा सांगायचा. कधी थांबायचं, हे अनुभव सांगायचा. निर्णय पूर्णपणे माणसाचा होता.

आकाश पांढरं का पडायचं?

ट्राइपचे फोटो पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळच्या रसायनांना निळा रंग फार लवकर दिसायचा. देऊळ नीट उमटेपर्यंत आकाश उजेडानं भरून जायचं आणि कागदावर कोरं पांढरं यायचं. ट्राइपनं काय केलं? निगेटिव्हवर हातानं रंग देऊन ढग काढले. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यानं समुद्राचे फोटो काढताना याच अडचणीवर दुसरा उपाय काढला: एक निगेटिव्ह समुद्रासाठी, एक आकाशासाठी आणि दोन्ही मिळून एक प्रिंट.

तुमचा फोन आज 'एचडीआर' नावाखाली हेच करतो. वेगवेगळ्या मापानं घेतलेल्या किंवा मुद्दाम कमी उजेडात घेतलेल्या अनेक फ्रेम तो जोडतो. क्षणात होतं म्हणून आपल्याला कळत नाही. ल ग्रेला मात्र माहीत होतं की आपण दोन चित्रं जोडली आहेत.

दुसरी अडचण: काच किती संवेदनशील?

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दहाएक वर्षांत अशा काचा दुकानात मिळू लागल्या. त्या ओल्या काचेपेक्षा कितीतरी वेगवान होत्या. आता हातानं झाकण काढून लावणं पुरेना, कारण हात इतका वेगात चालत नाही. म्हणून यांत्रिक शटर घराघरात आलं.

वेग वाढला तसा घोळही वाढला. एका कंपनीची काच एका वेगाची, दुसरीची दुसऱ्या. इंग्लंडमध्ये फर्डिनांड हर्टर हा रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो ड्रिफिल्ड हा इंजिनिअर, दोघेही हौशी फोटोग्राफर, या अंदाजपंच्यांना कंटाळले. किती उजेड पडला की किती काळेपणा येतो, हे त्यांनी मोजलं आणि १८९० मध्ये प्रसिद्ध केलं. फिल्मच्या संवेदनशीलतेला आकडा देण्याची सुरुवात तिथून झाली. पुढे जर्मनांचं डीआयएन माप आलं, अमेरिकनांचं एएसए आलं आणि १९७४ मध्ये दोन्ही एकत्र करून आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. तेच आयएसओ. माझ्या पिढीला उटीच्या कारखान्यात बनणारी इंदू फिल्म आठवत असेल. तिच्या डबीवरही हा आकडा असायचा.

आकडा दुप्पट म्हणजे निम्म्या उजेडात काम होतं. पण फुकट नाही. वेगवान फिल्मवर दाणे दिसायचे. फोनमध्ये तर आयएसओ वाढवल्यानं सेन्सर जास्त संवेदनशील होत नाही. आत आलेला थोडासा उजेड नुसता मोठा करून दाखवला जातो, आणि त्याबरोबर खरखरही मोठी होते. रेडिओवर दूरचं स्टेशन लागलं की आवाज वाढवल्यावर जे होतं, तेच.

तिसरी अडचण: खिडकी केवढी उघडायची?

तिसरा भाग म्हणजे भिंगाचं छिद्र, ॲपर्चर. त्याचे आकडे विचित्र वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानं भागलं की हा आकडा येतो. म्हणून आकडा मोठा तसं छिद्र लहान. या रांगेत प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. मोठं केलं की एकच माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळलेलं.

उन्हात फोटो काढायचा जुना नियम होता: छिद्र एफ/१६ वर ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. फिल्म १०० ची, तर सेकंदाचा शंभरावा भाग. ज्यांच्या घरी आग्फाचा क्लिक थ्री होता त्यांना एवढंही करावं लागत नसे. त्यावर सूर्य आणि ढग अशी चिन्हं होती. आकाशाकडे बघायचं आणि खटका सरकवायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारसं, मुंज, लग्न मिळून बारा. त्यामुळे घरातलं कुणीतरी आकाशाकडे बघायला शिकायचंच.

आता तुमच्या फोनकडे या. बहुतेक फोनमध्ये हे छिद्र बदलताच येत नाही. ते कायम उघडं असतं, बऱ्याचदा एफ/१.८ च्या आसपास. जुन्या नियमानं हिशेब करा. एफ/१६ ऐवजी एफ/१.८ म्हणजे सुमारे ऐंशीपट उजेड. म्हणून भर दुपारी आयएसओ १०० ला फोनचं शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत जातं. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, 'पोर्ट्रेट'मध्ये मागचं धूसर दिसतं ते बहुतांशी गणितानं केलेलं असतं, म्हणून कधी कधी चष्म्याची काडी किंवा आजीच्या केसांची कडा गायब होते. दोन, भर दुपारी धबधब्याचं पाणी दुधाच्या धारेसारखं दाखवायचं तर नुसतं शटर लांबवून भागत नाही, चित्र पांढरं होतं. पहाटे जा, संध्याकाळी जा किंवा भिंगापुढे काळसर काच धरा.

मग यंत्र ठरवायला लागलं

१९३० च्या दशकात सेलेनियमचे उजेडमापक बाजारात आले. १९३८ मध्ये कोडॅकनं सुपर सिक्स-२० नावाचा कॅमेरा काढला. उजेड मोजून छिद्र स्वतः ठरवणारा तो पहिला. खूप महाग होता, फार चालला नाही. पण दिशा ठरली. पन्नास वर्षांनी माझ्या हातात सिक्कीममध्ये जो कॅमेरा होता, तो त्याचाच वंशज.

आता म्हाताऱ्याच्या वाक्याचा अर्थ. मापकाला समोर काय आहे ते दिसत नाही. फक्त किती उजेड परत येतो ते कळतं. मग तो एक गृहीत धरतो: समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे. झाडं, रस्ते, घरं, माणसं अशा मिश्र दृश्याला हे बरंचसं लागू पडतं. बर्फाला लागू पडत नाही. बर्फ जवळजवळ सगळा उजेड परत फेकतो. यंत्राला वाटलं, उजेड फारच झाला. त्यानं तो कापला आणि बर्फ राखाडी करून ठेवला. त्याबरोबर माझे अकरा जवान अंधारात गेले. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या गृहीतात आमची पोस्ट बसत नव्हती, एवढंच.

गृहीतं आणखीही होती. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक रंगीत प्रिंटच्या प्रयोगशाळांना जुळणीसाठी एक नमुना कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असायचा. ते 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखलं गेलं. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या, काळ्या त्वचेची माणसं त्या मापात चिखलासारखी दिसायची. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्याकडच्या लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये एखादी सावळी नवरी ओळखू येत नाही, तेव्हा दोष तिच्या रंगाचा नसतो. मोजमाप दुसऱ्या कुणासाठी ठरलेलं असतं.

यंत्र नसताना काय करता येतं, याचंही एक उदाहरण द्यायला हवं. १९४१ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स न्यू मेक्सिकोतून गाडीनं जात होता. हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, मावळतीचं ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर. त्यानं गाडी थांबवून मोठा कॅमेरा लावला आणि उजेडमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता किती असते तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून हिशेब केला: एफ/३२, एक सेकंद. एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधीच क्रुसांवरचं ऊन गेलं. तो एकच फोटो जगप्रसिद्ध झाला.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं काम पाहा. नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण आणि मग दिल्ली. हातात वजनदार स्पीड ग्राफिक कॅमेरा, प्रत्येक फोटोनंतर फिल्म बदलायची. स्वातंत्र्याच्या त्या दिवसांत दिल्लीच्या गर्दीत उभं राहून अंतर, छिद्र, शटर सगळं डोक्यात ठरवून त्या बटण दाबत. 'परत एकदा' म्हणायची सोय नव्हती.

खिशातलं यंत्र

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. दहा हजार पिक्सेल, साडेतीन किलोंच्या वर वजन आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीमॉस सेन्सर उपयोगी केला. तो लहान, कमी वीज खाणारा, म्हणून फोनमध्ये मावला. २०१४ च्या सुमारास अँड्रॉइड आणि आयफोन दोघांनीही ॲप बनवणाऱ्यांना शटर आणि आयएसओचा ताबा दिला. बोर्नच्या हातातला निर्णय दीडशे वर्षांनी असा तुमच्या हातात परत आला आहे. तो घ्यायचा की नाही, हे तुमच्यावर.

रोज घ्यायची गरज नाही. माझे शंभरातले नव्वद फोटो ऑटोवरच असतात. यंत्राचं गृहीत कुठे चुकतं, ते ओळखता आलं पाहिजे. अशा पाच जागा सांगतो.

पहिली: पांढरं किंवा फार उजळ दृश्य. बर्फ, वाळू, चुन्याची भिंत, मागे उघडं आकाश. चेहऱ्यावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. 'प्रो'मध्ये हेच ईव्ही. बर्फावर एक ते दोन. याउलट काळी कातळमूर्ती किंवा काळा घोडा असेल तर खाली सरकवा, नाहीतर काळ्याचं राखाडी होतं.

दुसरी: हलणारी माणसं. लेझीम, कबड्डी, नातवंडं. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान करा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा आणि थोडी खरखर सहन करा. खरखरीत चेहरा ओळखू येतो, हललेला येत नाही.

तिसरी: रात्र. आयएसओ १०० च्या आसपास, शटर दोन ते दहा सेकंद, फोन कठड्यावर किंवा तिकाटण्यावर टेकवलेला आणि टायमर लावलेला, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. हे फक्त स्थिर गोष्टींसाठी. माणूस असेल तर त्याला दागेरच्या बूटवाल्यासारखं उभं करावं लागेल.

चौथी: दिव्यांचा रंग. तेलाच्या ज्योतीचा उजेड २००० केल्विनच्या आसपास असतो, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या. फोनला सगळं पांढरं करायची घाई असते, म्हणून देवघरातली समई निर्जीव दिसते. डब्ल्यूबी हातानं ४५०० ते ५००० वर ठेवा, पिवळेपणा परत येतो.

पाचवी: एलईडीचे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कित्येक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. कार्यालयात काढलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० करा.

प्रत्येक ठिकाणी जमाखर्च तोच आहे. वेळ वाढवला तर हालचाल पुसते, आयएसओ वाढवला तर खरखर येते, छिद्र तर फोनमध्ये बांधलेलंच. काय गमावलं तर चालेल, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं, कारण समोर कोण उभं आहे हे तुम्हाला माहीत असतं.

शेवटी एवढंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पलटणीच्या वर्धापनदिनाला जुनी मंडळी जमली. सिक्कीमच्या त्या अकरा जणांपैकी चौघे आले होते. साताऱ्याचा तो शिपाई सुभेदार होऊन निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या, गुडघा दुखावलेला. दुपारी बराकीच्या चुनखडी भिंतीपुढे चौघांना उभं केलं. ऊन डोक्यावर होतं आणि चौघांच्याही डोक्यावर टोप्या. माझं बोट सवयीनं बटणाकडे गेलं आणि थांबलं. चेहऱ्यांवर बोट ठेवलं, सूर्याचं चिन्ह वर सरकवलं. भिंत जवळजवळ पांढरीफेक झाली, तिची मला पर्वा नव्हती. चौघांचे चेहरे नीट आले, सुरकुत्यांसकट.

त्याला स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, हा फोटो आईनं ओळखला असता."

तुमच्याकडे ज्यांची माणसं लांब आहेत, त्यांनी आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या कुणाला तरी खिडकीकडे पाठ करून बसवा. एक फोटो ऑटोवर काढा, दुसरा सूर्याचं चिन्ह वर सरकवून. दोन्ही शेजारी ठेवा आणि कोणता घरी पाठवायचा ते तुम्ही ठरवा.